घाटकोपरची गर्दभ-मोहीम: एक की दोन

आकाश व पृथ्वी ज्याने निर्मिली, आणि त्या गडबडीतही सहाव्या दिवशी ज्याने गाढवाची याद ठेविली, त्या प्रभूचे चरणी मस्तक ठेवोन ही हकीकत लिहावयास घेतली आहे. मजकूर ऐसा कीं, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, चैत्र वद्य प्रतिपदा, इसवी सन दोन हजार पंचवीस, एप्रिलची तेरावी तारीख, झावळ्यांचा रविवार, ते दिवशी घाटकोपर पूर्व येथील मराठी ख्रिस्ती मंडळीने पश्चिमेच्या टेकडीवरोन गर्दभ आणावयाची मोहीम केली. ती कैसी उभी राहिली, कोणी कोणाशी अबोला धरिला, पुलावर काय प्रसंग गुदरला आणि फत्ते कैसी जाहली, हे पुढील पिढीस ठाऊक असावे. नाहीतर पुढील पिढी मोबाइलात शोधील, आणि मोबाइलावर जे चित्रण घेतले त्यात सारा वेळ कुंदाबाईंचा अंगठाच आला आहे.

ऐशियास मंडळीची चाल ऐसी: प्रभूने गाढवावर बसोन यरुशलेमेत प्रवेश केला, त्याचे स्मरणार्थ रविवारच्या शाळेतील सर्वांत धाकटे लेकरू गाढवावर बसवावे, सर्वांनी हाती झावळ्या घ्याव्या, आणि होसान्नाचा गजर करीत पटांगणापासोन चर्चच्या पायरीपर्यंत तीनशे पावले स्वारी न्यावी. हे काम अठरा वर्षे एका प्लायवुडच्या गाढवाने चार चाकांवर इमानेइतबारे बजाविले. त्याने वैरण मागितली नाही, लाथ झाडिली नाही, आणि उपदेश लांबला तरी कान हलविले नाहीत. परंतु काळ कोणास सोडितो? यंदा माळ्यावरोन खाली घेता त्याचे पोटातोन वाळवीची फौज बाहेर पडली आणि मागील उजवा पाय हातात आला. तेव्हा रविवारच्या शाळेच्या सरलष्कर कुंदाबाई, ज्यांचे आवाजास अवघ्या पंतनगरात लाउडस्पीकर लागत नाही, त्यांणी हुकूम फर्माविला कीं यंदा गाढव जिवंत पाहिजे.

मग पाडव्याचे दिवशी, उपासना आटोपोन, वडीलमंडळींची मसलत बसली. कुंदाबाईंनी वही उघडोन साधा सवाल टाकिला कीं, किती आणायची? आणि या दोन शब्दांपासोन जो वणवा पेटला, तो पंधरा दिवस विझला नाही.

येथे दोन मातब्बर पुरुषांची ओळख देणे जरूर आहे. पहिले राजमान्य राजेश्री विद्याधरराव रणपिसे, उमर एकाहत्तर, छापखान्यात छत्तीस वर्षे मुद्रितशोधनाची चाकरी केलेले. दोन प्रती समोर ठेवाव्या, बोट फिरवावे, आणि जेथे जुळत नाही तेथे लाल शाईने खूण करावी, हाच त्यांचा जन्म. लग्नपत्रिका आली तरी आधी चुका काढीत आणि मग मुहूर्त पाहात. दुसरे राजमान्य राजेश्री मधुकरराव साळवे, उमर बहात्तर, कोर्टातील लघुलेखक. साक्षीदार बोलिला ते तसेच उतरोन घ्यावे, एक अक्षर कमी नाही, जास्ती नाही, हा त्यांचा धर्म. दोघांचा दोस्ताना चाळीस वर्षांचा. चर्चमध्ये डावीकडील तिसरा बाक दोघांचा, आणि त्या बाकावर दुसरा कोणी बसला तर लोक त्यास पाहुणा समजत.

त्यातोन फेब्रुवारीअखेर विद्याधररावांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन जाहले, आधी एका डोळ्याचे आणि मग दुसऱ्याचे. घरी एकटाच जीव, पत्नी सहा वर्षांमागे प्रभूकडे गेलेली. तेव्हा मधुकररावांनी दोन इमारती पलीकडोन दिवसातोन चार वेळा यावे, विद्याधररावांस खुर्चीत बसवावे, 'वर बघ' म्हणावे आणि थेंब घालावे, ऐसा परिपाठ पडिला. थेंब घालितेवेळी दोघे मंडळीतील तमाम लोकांची यथासांग निंदा करीत, आणि त्याने डोळ्यास फार आराम पडत असे.

ऐसे दोस्त! परंतु त्या मसलतीत मधुकरराव उठोन बोलिले कीं मत्तयाच्या शुभवर्तमानात स्वच्छ लिहिले आहे, गाढवी आणि तिचे शिंगरू, आणि शिष्यांनी वस्त्रे दोहोंवर घातली, सबब दोन आणावी. विद्याधररावांनी मान हलविली. मार्क लिहितो एक शिंगरू, ज्यावर कोणी बसले नव्हते. लूक तेच लिहितो. योहानही एकाचेच नाव घेतो. तीन साक्षी एक म्हणतात, तर एक आणावे. येथवर सर्व रीतीने चालिले होते. परंतु छत्तीस वर्षांची खोड! जिभेवर ताबा राहिला नाही आणि विद्याधरराव बोलोन गेले, "तीन प्रतींत एक आणि चौथ्या प्रतीत दोन, म्हणजे चूक कुठे ते सांगायला नको. मत्तयाच्या प्रतीत एक गाढव जास्त पडलंय."

पाळकसाहेब रेव्हरंड माणिकराव यांचा चहाचा कप ओठाशी थांबला. पवित्र शास्त्रात छपाईची चूक काढणारा मनुष्य मंडळीच्या नव्वद वर्षांत जाहला नव्हता.

मग मधुकररावांनी तोफ डागिली. "अरे विद्या, ऑपरेशनच्या आधी तुला एकाचे दोन दिसायचे. आता दोनाचं एक दिसायला लागलं. डॉक्टरला दाखव बाबा परत."

अवघी सभा हसली. कुंदाबाई हसल्या, लताबाई हसल्या, पाळकही कपाआड हसले. दुसऱ्या कोणी हे म्हटले असते तर विद्याधररावही हसले असते. परंतु ज्याचे हाती डोळा विश्वासाने उघडा धरिला, त्याने चारचौघांत त्याच डोळ्याची थट्टा करावी, हे काळजास लागले. ते बोलिले, "उद्यापासून माझ्या डोळ्याची काळजी तू करू नकोस." मधुकररावही तापट, ते बोलिले, "नाही येत, जा!" आणि चाळीस वर्षांचा दोस्ताना एका गाढवाच्या कमीजास्तीवर तुटला.

मग मुलूख दुभंगला. मत्तयपक्ष आणि मार्कपक्ष ऐसे दोन तट पडिले. उपासनेनंतरचा चहा दोन कोपऱ्यांत होऊ लागला आणि बिस्किटांचा डबा मधल्या मधे बेवारस राहिला. एका तटाने म्हणावे, दोन गाढवांवर एक माणूस बसणार कसा, ही उपासना आहे कीं सर्कस? दुसऱ्याने म्हणावे, शास्त्र तुम्हांस विचारोन लिहिले काय? पाळकसाहेब स्वभावे गरीब. दोन्ही तटांचे लोक त्यांचेकडे जात आणि ते दोन्ही तटांस म्हणत कीं तुमचे म्हणण्यात फार अर्थ आहे, आपण प्रार्थना करू. शेवटी युवक संघाच्या नितेशने व्हॉट्सॲपवर मतदान लाविले. एक या बाजूस एकतीस, दोन या बाजूस एकोणतीस. विद्याधररावांचा पक्ष दोन मतांनी जिंकला.

जिंकला खरा, परंतु जिंकणाऱ्याचे हाल कुत्रा खाईना. विद्याधररावांनी उजवे हाती बाटली धरावी, डावे हाती पापणी ओढावी, आणि थेंब नेमका गालावर पडावा. एक थेंब तर कानात गेला. शेजारच्या लताबाई मदतीस आल्या, त्यांस म्हणाले, मला येते. काही येत नव्हते. सायंकाळी पाच वाजले कीं कान दाराकडे लागत, आणि जिन्यात पाऊल वाजले कीं हात आपोआप चष्मा काढावयास जाई, आणि पाऊल वरच्या मजल्यावर निघोन जाई. खरे लिहावयाचे तर त्यांस मधुकररावांची फार याद येत होती. आपण बोललो ते शहाणपणाचे नव्हते हेही कळत होते. परंतु मतदान जिंकल्यावर माफी कैसी मागावी, याचा दाखला कोठे सापडेना.

असो. ठराव ज्याचा, गाढव त्याने आणावे, ऐसे कुंदाबाईंचे फर्मान सुटले. रविवारी सकाळी साडेसहास, डोळ्यांवर काळा गॉगल, डोक्यास टोपी, पायात कॅनव्हासचे बूट, ऐशा सरंजामानिशी विद्याधरराव एकटेच मोहिमेवर निघाले. रेल्वेच्या रुळांवरील पूल ओलांडोन पश्चिमेस गेले आणि टेकडीचा चढ चढिले. त्या वस्तीत गल्ल्या ऐशा अरुंद कीं टेम्पो शिरत नाही. सबब विटा, रेती, सिमेंट जे वर जाते ते गाढवाच्या पाठीवरोन जाते. तेथील मातब्बर शिवदास, ज्याने कुंदाबाईंच्या मावसबहिणीच्या घराच्या विटा वर नेल्या होत्या, त्याचे दारी गाढवी बांधलेली, आणि तिच्याजवळ वर्ष भरत आलेले करड्या रंगाचे शिंगरू. त्यावर अजोन कोणी बसले नव्हते. विद्याधररावांनी विचारोन खात्री केली. शिवदास म्हणाला, "बसायला तो काय सोफा आहे?"

मग विद्याधररावांनी फक्त शिंगरू सोडण्यास सांगितले.

"काका, एकटं नाही यायचं ते. अजून आईला पितंय," शिवदास बोलिला.

"ठराव एकाचा झालाय."

"मग ठराव त्याला वाचून दाखवा."

परंतु विद्याधरराव इरेस पेटलेले. शेवटी शिवदासने कपाळास हात लाविला, गाढवीस खुंट्याशी ठेविले, शिंगराची दोरी धरिली आणि तिघांनी कूच केले. पाठीमागे गाढवीने जो आक्रोश मांडिला, त्याने अवघी वस्ती रविवारची झोप सोडोन उठली. शिंगरू उतारावर दोनदा थांबले, तीनदा मागे वळले, तरी पाव दाखवीत दाखवीत त्यास सडकेपर्यंत आणिले आणि पुलावर चढविले.

पुलाच्या ऐन मध्यावर शिंगराने चारही पाय रोविले.

तो प्रसंग काय वर्णावा! शिवदासने चुचकारिले, विद्याधररावांनी दोरी ओढिली. शिवदास ओरडला कीं ओढू नका, ओढलं की मागं जातं, आणि शिंगरू खरोखरच मागे गेले व आडवे उभे राहिले. झाले! पूर्वेची रहदारी पूर्वेस, पश्चिमेची पश्चिमेस तुंबली. रिक्षा आल्या, बस आली, दुधाचा टेम्पो आला, सकाळचे सायकलवाले तंग कपड्यांनिशी आले. भोंग्यांचा ऐसा कल्लोळ उठला कीं शिंगराने मान वर करोन आपलाही सूर त्यात मिळविला. एक रिक्षावाला बोलिला, "काका, साइडला घ्या ना यार तुमची गाडी!" दुसऱ्याने सल्ला दिला कीं गिअर टाका. पलीकडे पटांगणात साठ माणसे झावळ्या घेऊन उभी, कुंदाबाईंचे फोनावर फोन, आणि विद्याधररावांच्या नाकावरोन गॉगल घसरोन खाली पडला. धूळ डोळ्यांत गेली आणि दोन्ही डोळ्यांतोन धारा लागल्या.

तेव्हा त्या वीराचे मन खचले. आपण एका शब्दाखातर दोस्त गमाविला, मंडळी दुभंगली, आता लेकरांचा सणही बुडणार, आणि हे सर्व आपणच लाल शाईने केले, ऐसे वाटोन ते कठड्यास टेकोन उभे राहिले. धारा धुळीच्या किती आणि दुःखाच्या किती, त्यांचे त्यांसच ठाऊक.

इतक्यात पश्चिमेकडोन दुसरी आरोळी आली. शिंगराचे कान ताठ जाहले. विद्याधररावांनी पाहिले तो पाण्याआडोन दोन धूसर आकृती, एक उभी आणि एक आडवी, रिक्षांमधोन वाट काढीत येत आहेत. त्यांस वाटले, वाट लागली, एकाचे दोन दिसू लागले, ऑपरेशन फुकट गेले. तो उभी आकृती जवळ आली, तिने त्यांची हनुवटी धरिली आणि म्हटले, "वर बघ."

विद्याधररावांनी वर पाहिले.

"डोळा मिटू नकोस. मिटू नकोस म्हणतो ना! लताबाई सांगत होत्या, अर्धी बाटली गालाला पाजलीस. धुळीत जायचं तर सांगून जावं माणसाने. मी मागून येईतो तू टेकडी उतरलासही."

"मधू, मी त्या दिवशी..."

"बोलू नकोस, थेंब हलतो."

भर पुलावर, मागे बसचा भोंगा आणि पुढे रिक्षावाल्यांची फौज, दोन्ही डोळ्यांत थेंब नेमके पडिले. मागाहोन कळले ते ऐसे: मधुकरराव नवी बाटली खिशात घालोन त्यांचे मागोमाग टेकडीवर पोचले, तो तेथे गाढवी खुंटा उपटावयास आलेली. शिवदासची बायको शकु हिने दोरी त्यांचे हाती दिली आणि बजाविले कीं तुमच्या माणसाने पिल्लू नेलंय, ही काय राहत नाही, घेऊन जा हिला. मग मधुकररावांनी गाढवीस आणिले म्हणावे कीं गाढवीने मधुकररावांस आणिले म्हणावे, याचा निर्णय जाणत्यांनी करावा.

गाढवी येताच शिंगरू तिचे पोटाखाली शिरले. तितक्यात ट्रॅफिक हवालदार येऊन ठाकला आणि करड्या सुरात चौकशी केली कीं किती जनावरं आहेत तुमची?

"एक," विद्याधरराव बोलिले.

"दोन," मधुकरराव बोलिले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि हवालदाराने दोघांकडे पाहिले. तेव्हा शिवदास पुढे जाहला. "माय-लेकरू आहे साहेब. पितं तोवर आमच्यात एकच धरतात."

हवालदाराने एक हात पूर्वेस आणि एक पश्चिमेस उभारोन अवघी रहदारी रोखिली आणि बोलिला, "जाऊ द्या त्यांना आधी." शास्त्रातही शिंगरू नेणाऱ्या शिष्यांस लोकांनी ऐसेच जाऊ दिले होते, हे दोन्ही वृद्धांस तत्काळ आठवले, परंतु पूल उतरेतो त्यांणी हसू दाबोन धरिले. उतरल्यावर मात्र दोघेही एकदम हसत सुटले, आणि मधुकररावांस ठसका लागोन शिवदासने त्यांची पाठ थोपटिली.

मग मजल दरमजल करीत साडेआठांच्या मुहूर्तास नऊ वाजोन पाच मिनिटांनी सेना पटांगणात दाखल जाहली. पाहतात तो जनावरे दोन! मत्तयपक्षाने जयघोष केला. मार्कपक्षाने निषेधाचे तोंड उघडिले, तो त्यांचा सेनापतीच गाढवीच्या मानेवर हात ठेवोन चालत येताना दिसला, तेव्हा उघडलेल्या तोंडाचे काय करावे ते न कळोन त्यांणी होसान्ना म्हटले. प्रभूचे भूमिकेत सहा वर्षांची गार्गी. तिने दाढी लावावयाचे साफ नाकारिले होते आणि तह पांढऱ्या झग्यावर जाहला होता. वस्त्रे दोन्ही जनावरांवर घातली आणि गार्गीस शिंगरावर बसविले. एका बाजूने विद्याधररावांनी धरिले, दुसऱ्या बाजूने मधुकररावांनी. शिंगरू आईचे शेजारी ऐसे डौलात चालिले कीं शिवदासही चकित जाहला. शंभर पावले गेल्यावर औषधांच्या दुकानापाशी त्यास भूक लागली आणि ते गार्गीसकट दूध प्यावयास वळले. तेव्हा गार्गीस उचलोन आईवर बसविले. पुढे चर्चच्या कमानीशी तिने पुन्हा लहान गाढव मागितले. दरम्यान गाढवीने लताबाईंची झावळी खाल्ली, मग नितेशची खाल्ली, आणि पाळकसाहेब आशीर्वादाचा हात उंच करितात तो त्यांचीही खाल्ली. मोठ्या मंडळींत साठ माणसे होती, आणि स्वारी कोणत्या जनावरावर पोचली हे त्यांतील कोणाही दोघांस विचारावे तर उत्तरे तीन येत.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. चहा पुनश्च एका टेबलावर आला आणि बिस्किटांचा डबा संपला.

आता दप्तरी नोंद करणे राहिले. पाळकसाहेबांस दोघांच्या तहाचा अजोन भरवसा वाटत नव्हता. एकास अहवाल लिहावयास सांगावे तर दुसरा रुसेल, या भयाने त्यांणी दोघांस निरनिराळे गाठोन गुपचूप सांगितले कीं आपणच लिहावा. सोमवारी दोन अहवाल आले. पाळकसाहेबांनी वाचिले, पुन्हा वाचिले, आणि घाबरोन दोन्ही कागद विद्याधररावांकडे पाठविले कीं दोहोंत मेळ नाही, आपण जाणते आहा, तपासोन एक प्रत पक्की करावी.

विद्याधररावांनी टेबल पुसले, दोन्ही प्रती शेजारी मांडिल्या आणि लाल पेनाचे टोपण काढिले. एका प्रतीत त्यांचे स्वतःचे अक्षर: जनावरे दोन होती, दोहोंवर वस्त्रे घातली व दोहोंवर स्वारी जाहली, मत्तयाने लिहिले त्यात एक अक्षर जास्ती नाही, सबब श्री. मधुकर साळवे यांचे म्हणणे बरोबर होते. दुसऱ्या प्रतीत मधुकररावांचे कोर्टाचे ठसठशीत अक्षर: जनावर एकच होते, दूध पिते शिंगरू व माय एक धरितात हे पुलावर साक्षीपुराव्याने शाबीत जाहले, सबब श्री. विद्याधर रणपिसे यांचे म्हणणे बरोबर होते.

विद्याधररावांनी सवयीने बोट फिरविले. पहिल्या ओळीपासोन शेवटच्या ओळीपर्यंत काही म्हणता काही जुळत नव्हते. छत्तीस वर्षांत ऐशा दोन प्रती त्यांणी टेबलावरोन उठू दिल्या नव्हत्या. मग ते एकटेच इतके हसले कीं लताबाई भिंतीपलीकडोन विचारत्या जाहल्या, काय झालं हो? त्यांणी सांगितले, काही नाही, तपासणी चालू आहे. मग पेन उचलिले, दोन्ही कागदांचे तळाशी लिहिले कीं प्रती वाचिल्या, दोन्ही बरोबर, दुरुस्ती नाही, आणि सही करोन दोन्ही कागद एका टाचणीने टोचोन दप्तरी दाखल केले.